पाटोळेभाऊंचा नंबर

ऑपरेशन मी करायचो आणि नाव पाटोळेभाऊंचं व्हायचं. पारनेरहून, काष्टीहून लोक एस.टी.ने, बैलगाडीने येत आणि दवाखान्याच्या दारात उभं राहून विचारत, "लंबरवाले भाऊ हायेत का?" मी पांढरा कोट घालून समोरून जात असलो, तर मलाच जरा बाजूला व्हायला सांगत. सुरुवातीला मला याचा रागही यायचा. पुढे पुढे मीच येणाऱ्याचा हात धरून त्याला भाऊंच्या खोलीपर्यंत पोचवायला लागलो.

ही गोष्ट एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची. मी तिशी नुकतीच ओलांडलेला, पुण्याहून थेट नगरला येऊन पडलेला डोळ्यांचा सर्जन, आणि दानियल पाटोळे हे आमच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढणारे. वय पन्नाशीच्या पुढे, उंची बेताची, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला एक पेन आणि एक आगपेटी. विडीकाडीचं व्यसन त्यांना नव्हतं. आगपेटी कशाला, ते पुढे सांगतो. डावा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. उजव्यावर अशी जाड काच की तिच्या मागचा डोळा हरभऱ्याएवढा दिसायचा. अर्ध्या जिल्ह्याला दिसायला लावणारा हा माणूस स्वतः त्या एका हरभऱ्याने बघत होता, आणि त्याची त्यांना कधी खंत वाटलेली मी पाहिली नाही.

आज मोतीबिंदू काढला की डोळ्यात आतच नवं भिंग बसवतात, आणि ते किती नंबरचं हवं हे यंत्र आधीच सांगून मोकळं होतं. तेव्हा आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मोतीबिंदू काढायचा म्हणजे डोळ्यातलं खराब झालेलं भिंगच काढून टाकायचं, आणि त्याच्या बदल्यात माणसाच्या नाकावर जन्माची जाड काच ठेवायची. ती काच बहुतेक ठिकाणी सरसकट एकच असे, प्लस दहा. शिबिर ठरलं की दहा नंबरच्या चष्म्यांचं खोकं आधी गावात पोचायचं आणि डॉक्टर मागून.

त्या खोक्याचा पाटोळेभाऊंना मनस्वी तिटकारा. माझ्याशी बोलताना ते शाळेत शिकलेलं शुद्ध बोलायचा प्रयत्न करत, पण खोक्याचा विषय निघाला की नगरची बोली आपोआप वर येई. "साहेब, समद्या गावाला एका मापाचं पायताण वाटाल का? मग डोळ्यानं काय पाप केलं?" मी म्हणायचो, भाऊ, अंदाजे दहाच येतो बहुतेकांना. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "अंदाज करायचा तो कालवणातल्या मिठाचा. डोळ्याचा न्हाई."

त्यांची खोली म्हणजे जिन्याखालची अंधारी जागा. एक खुर्ची, रोग्याच्या डोक्यामागे एक दिवा, भिंगांची लाकडी पेटी, आणि भाऊंच्या हातात मध्ये भोक असलेला छोटा गोल आरसा. आरशाने डोळ्यात उजेड टाकायचा आणि आतली लालसर सावली कुठे सरकते ते त्या भोकातून बघायचं. समोर भिंगं बदलत जायची. सावली सरकायची थांबली की नंबर सापडला. मला यायचं ते, पण माझी सावली आणि त्यांची सावली यांत फरक होता. मी सावली बघायचो, ते तिच्याशी गप्पा मारायचे. "जरा उजवीकडं जाती का बाई? अजून थोडी. आता कशी गपगुमान बसली." खुर्चीतल्या म्हाताऱ्याला वाटे आपल्यालाच सांगताहेत, आणि तो हळूच उजवीकडे सरकून बसे.

मग आगपेटी निघायची. जाड काच डोळ्यापासून जरा पुढेमागे झाली तरी तिचा नंबर बदलल्यासारखा होतो. म्हणून भाऊ एक काडी घेऊन ती कानशिलाला आडवी धरत, डोळा आणि काच यांच्यातलं अंतर नखाने काडीवर उमटवत आणि ती काडी चिठ्ठीबरोबर चष्मा बनवणाऱ्याकडे पाठवत. नागापूरच्या एका कारखान्यातल्या टर्नरने, त्याच्या आईचं ऑपरेशन झाल्यावर, भाऊंना खास पोलादी मापपट्टी करून आणून दिली. फार सुबक काम होतं. भाऊंनी दोन दिवस वापरली आणि पेटीत ठेवून दिली. "गार लागती," म्हणाले. "म्हातारं माणूस दचकतं, अन् दचकलं की डोळा मिटतं."

चष्मा मिळाला म्हणजे सुटका झाली असंही नसायचं. दहा नंबरच्या काचेतून सगळं मोठं आणि जवळ आल्यासारखं दिसतं. माणूस दाराची कडी धरायला जातो आणि हात हवेत फिरतो. त्यासाठी भाऊंनी स्वतःची एक परीक्षा काढली होती. खोलीबाहेरच्या ओट्यावर पाण्याने भरलेला तांब्या आणि एक पेला. चष्मा लावून तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायचं. थेंबही खाली न सांडता तीनदा जमलं तर घरी जायचं, नाहीतर पुन्हा उद्या. आमचा ओटा कायम ओला असे. बायका लवकर पास होत. पुरुषांना, विशेषतः घरात कधी पाण्याचा पेला स्वतः न भरलेल्यांना, तीन-तीन दिवस लागत. पारनेरकडच्या एका पोलीसपाटलांनी पाच दिवस लावले. पाचव्या दिवशी त्यांची बायको भाऊंना बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, अजून चार दिस ठिवून घ्या. च्या बी ओतायला शिकतील."

त्यांची खरी आवड मात्र वेगळीच होती. ऑपरेशनच्या आधी, डोळा अजून मोतीबिंदूने भरलेला असतानाच, नंतर कोणता नंबर येणार हे त्यांना सांगायचं असे. त्यासाठी एक काळ्या पुठ्ठ्याची वही होती. डाव्या पानावर ऑपरेशनआधी लिहिलेला आकडा, उजव्या पानावर सहा आठवड्यांनी प्रत्यक्ष निघालेला. हिशोब सोपा होता. माणसाचा तरुणपणीचा नंबर घ्यायचा आणि निम्मा करायचा. मायनस, म्हणजे लांबचं न दिसणाऱ्याचा, असेल तर तो साडेदहातून वजा, प्लस असेल तर साडेदहात मिळवायचा. ही ओळ माझ्याही पुस्तकात होती. मी ती परीक्षेपुरती वाचली होती. भाऊ तिच्यावर जगत होते.

अडचण एवढीच, की आमच्या रोग्यांपैकी निम्म्यांनी जन्मात चष्मा लावलेला नसे. ज्यांचा असे, त्यांना भाऊ बजावत, "आत्ताचा आणू नगा. धा-पंधरा वर्सामागचा आना. मोतीबिंदू पिकताना डोळा खोटा मायनस दावतो, त्याच्यावर जायचं न्हाई." आणि ज्यांचा नसे त्यांना ते एकामागून एक प्रश्न विचारत. ते प्रश्न ऐकायला मी कधी कधी जिन्यापाशी उगाच उभा राहत असे.

काष्टीच्या शिबिराची आठवण तर मी अजून सांगतो, माझीच फजिती असली तरी. शाळेच्या खोल्यांत शिबिर होतं. ऑपरेशनं झाली, आठव्या दिवशी पट्ट्या सुटल्या आणि खोक्यातले चष्मे वाटले गेले. भाऊ नगरचं काम उरकून दुपारच्या गाडीने येणार होते. गजराबाई नावाची एक साठीची बाई चष्मा लावून म्हणाली, "समदं धुकं हाय." मी डोळा तपासला. जखम सुरेख भरलेली, आत सगळं स्वच्छ. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "मावशी, नीट बघा. ऑपरेशन उत्तम झालंय."

"तुमचं झालं आसंल उत्तम," ती म्हणाली. "मला दिसंना."

आजूबाजूचे हसले. मी नाही हसलो. तेवढ्यात भाऊ आले, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मावशे, तरणेपनी येशीतनं येनारा मानूस वळखू यायचा का?"

"न्हाई रं बाबा. चालीवरनं वळखायचे. आमचे मालक तर खोकल्यावरनं."

"अन् सुई?"

"सुई नाकाला लावून ववायचे. तांदळातला खडा तर माझ्यावानी गावात कुनाला घावत नव्हता."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा चष्मा काढला, पेटीतून एक पातळशी काच उचलली, प्लस दोन, आणि तिच्या डोळ्यासमोर धरली. गजराबाई खिडकीतून बाहेर, मैदानापलीकडे, लांबच्या बांधाकडे बघत राहिली. मला वाटलं आता हिचे डोळे भरून येणार. ती एकदम उठली आणि दाराकडे धावत मुलाला हाक मारून म्हणाली, "आरं बाळ्या, आपली शेरडं लोकाच्या घासाच्या वावरात शिरल्याती की रं."

मला त्या दिवशी फार शरम वाटली, आणि तितकाच आनंदही झाला. परतीच्या गाडीत मी भाऊंना म्हणालो, चूक माझी होती. ते म्हणाले, "चूक कसली? तुम्ही जखम बघत होता. पुढच्या येळेला फक्त सुईचं इचारायचं." त्यानंतर आमच्या शिबिरातून ते खोकं गेलं. मीच परत पाठवलं.

याच सुमारास भाऊंचं स्वतःचं काहीतरी बिघडत चाललं होतं आणि मला ते दिसत नव्हतं. डोळ्याच्या डॉक्टरला. दिवा रोग्याच्या आणखी जवळ आला, वहीतली अक्षरं मोठी झाली, आणि दोन वर्षांत त्यांनी स्वतःची काच तीनदा बदलली. विचारलं तर म्हणायचे, काचेला चरे पडलेत. एका दुपारी त्यांच्या पत्नी, मार्थाबाई, मला भेटायला आल्या. त्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि नवऱ्याच्या पगारापेक्षा त्यांच्या धाकाने घर चालत असे. त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक जुना चष्मा टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, हा यांचा पंधरा वर्षांपूर्वीचा. यांना मोतीबिंदू झालाय. मला कळतंय, त्यांनाही कळतंय. पण कबूल करत नाहीत. परवा रोग्याऐवजी खुर्चीलाच म्हणाले, मान वर करा."

मी काचा पेटीतल्या भिंगांवर धरून जुना नंबर काढला. उजवी मायनस अठरा. मग भाऊंना बोलावलं आणि खुर्चीत बसवलं. मोतीबिंदू होताच, चांगला पिकलेला.

"एकच हाय साहेब," ते म्हणाले. "हा गेला तर आरसा कोन धरनार?"

भीती खरी होती. इतक्या मायनसच्या डोळ्याची घडण नाजूक असते. भिंग काढताना आतला पाण्यासारखा गर बाहेर येऊ शकतो, आणि आला की बहुतेक वेळा डोळा जातो. मी त्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "त्यांनी माझं काम पाहिलेलं न्हाई. तुम्ही पाहिलंय. तुमचा हात जास्त भ्येईल, म्हंजे जास्त जपून चालंल." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. वहीतलं पान फाडून, त्यावर काहीतरी लिहून, घडी करून ते पाकिटात घातलं. "माझा आकडा. सहा आठवड्यांनी उघडायचा. तुमचाबी लिव्हा. चुकंल त्यानं वॉर्डासमोर तांब्या-पेला करायचा."

मी माझा आकडा लिहिला. दोन्ही पाकिटं मार्थाबाईंकडे गेली.

ऑपरेशनच्या दिवशी इंजेक्शनने डोळा बधिर केला होता, माणूस मात्र टक्क जागा. मी भिंगाशी आलो आणि थबकलो.

"हात का थांबला साहेब?"

"थांबला नाही."

"मग श्वास तरी घ्या. तुमचा ऐकू येईना."

मी श्वास घेतला. भिंग बाहेर आलं. त्याच्यामागून गर वर चढला, जखमेच्या काठाशी येऊन थांबला. मीही थांबलो. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर काहीतरी पुटपुटत होत्या, बहुधा प्रार्थना. मग तो हळूहळू खाली बसला. मी टाके घालून संपवले तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि भाऊ पडल्या पडल्या सिस्टरना सांगत होते, यांना आता लिंबाचं सरबत द्या.

आठव्या दिवशी पट्टी सुटली. मार्थाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. भाऊंनी सवयीने चष्म्यासाठी हात पुढे केला. मी दिला नाही. म्हटलं, जाड काच आता लागणार नाही, असंच बघा.

त्यांनी डोळा उघडला. आता तो हरभऱ्याएवढा नव्हता, चारचौघांसारखा होता, काळाभोर आणि चांगला टपोरा. ते माझ्याकडे बघत राहिले, मग छताच्या पंख्याकडे, मग बायकोकडे. तिच्याकडे फार वेळ.

"मार्था," म्हणाले, "तू एवढी मोठी हायस?"

जाड मायनसच्या काचेतून जग लहान दिसतं, हे ते वर्षानुवर्षं दुसऱ्यांना समजावत आले होते. आपली बायको आपण तीस वर्षं पाऊणपट बघतोय, हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणूनच," मार्थाबाई म्हणाल्या, "तीस वर्षं मला लहान पोरीला सांगितल्यासारखं सांगत होता." आणि पदर तोंडाला लावून त्या खिडकीकडे वळल्या. हसत होत्या की रडत होत्या ते मी विचारलं नाही. मला स्वतःलाच काही समजत नव्हतं.

सहा आठवड्यांनी जिन्याखालच्या खोलीत भाऊ रोग्याच्या खुर्चीत बसले आणि आरसा माझ्या हातात आला. मार्थाबाई पाकिटं घेऊन आल्या होत्या. दारात सिस्टर, वॉर्डबॉय, आणि पट्टी नसलेले झाडून सगळे रोगी. मी सावली बघत, भिंगं बदलत शेवटी म्हणालो, "प्लस पावणेतीन."

"हाताभराचं अंतर वजा केलं का?"

ते मी विसरलो होतो. इतक्या जवळून उजेड टाकला की निघालेल्या आकड्यातून दीड कमी करावा लागतो. पहिल्या वर्षाच्या पोराची चूक. "प्लस सव्वा," मी म्हणालो. भाऊंनी स्वतः काचा आलटून पालटून, भिंतीवरच्या अक्षरांवर तपासून खात्री केली. प्लस सव्वा.

मार्थाबाईंनी त्यांचं पाकीट उघडलं. मायनस एक. सव्वादोनाने चूक. काळ्या वहीत इतकी मोठी चूक कुठेच नव्हती. मग माझं उघडलं. प्लस दीड. भाऊ त्या दोन चिठ्ठ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. मी खिशातून त्यांचा जुना चष्मा काढून समोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि मला कळलं की त्यांना कळलंय. त्यांनी आकडा काढला होता तो चालू चष्म्यावरून, मायनस तेवीसवरून. पिकत्या मोतीबिंदूचा खोटा नंबर. दहा-पंधरा वर्षांमागचा चष्मा आणा म्हणून उभ्या जिल्ह्याला सांगणारा माणूस स्वतःचा जुना चष्मा विसरला होता.

"विसरले नव्हते," मार्थाबाई म्हणाल्या. "जुना काढला असता तर मोतीबिंदू झालाय हे कबूल करावं लागलं असतं."

भाऊ हसायला लागले. खुर्चीत मागे रेलून, पोट धरून, डोळ्याला ताण देऊ नका असं मला ओरडून सांगावं लागेपर्यंत हसले. मग ओट्यावर गेले. नेहमीपेक्षा मोठ्या दिसणाऱ्या त्या जगात त्यांनी तांब्या उचलला. पहिल्यांदा अर्धं पाणी ओट्यावर, दुसऱ्यांदा थोडं कमी, आणि तिसऱ्यांदा कुणी तरी "सावकाश भाऊ" म्हटल्यामुळे पुन्हा अर्धं. रोग्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना स्वतःला तीन-तीन दिवस लागले होते त्यांनी जास्त जोरात. मग त्यांनी तांब्या माझ्यापुढे धरला.

"मी कशाला? मी जिंकलो."

"दीड लिव्हलात, सव्वा निघाला. पावानं का हुईना, चुकलात."

मी ओतलं. चष्मा नसताना, दोन धडधाकट डोळ्यांनी, माझंही सांडलं.

दोन वर्षांनी मी मिरजेला नोकरी धरली. निघायच्या दिवशी भाऊ नगरच्या स्टँडवर सोडायला आले होते. नाकावर पातळ काचेचा चष्मा होता, पण तो काढून, लांब उभं राहून ते गाड्यांच्या पाट्या मला मोठ्याने वाचून दाखवत होते. वाचायची गरज नव्हती. आनंद होता. काळ्या वहीत त्यांनी स्वतःचंही पान ठेवलं होतं, डावीकडे मायनस एक, उजवीकडे प्लस सव्वा, खाली लाल शाईत मोठी रेघ. नव्या पोरांना शिकवताना ते पान पहिल्यांदा दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

गाडी हलली. मी मागच्या खिडकीतून बघत होतो. भाऊंनी हात वर केला, आणि मला वाटलं निरोपाचा. मग बोटं दिसली. आम्ही रोग्यांना विचारतो तसं ते मला विचारत होते, किती? मला काही दिसेना. डोळे भरून आले होते, आणि काचेवर धूळ होती.

"तीन," मी अंदाजाने ओरडलो.

त्यांनी नाही म्हणून मान जोरात हलवली. आणि तो हात तसाच उंच धरून, लोकांना बाजूला सारत, भरभर गाडीच्या मागे चालायला लागले. फाटकापाशी गाडी जरा अडली. मी डोळे पुसले आणि नीट मोजली.

"चार."

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.